सत्याऐंशी दिवस

"तुमचा जन्म पूर्ण दिवसांचा का?" डॉक्टर मॅडमनी कागदावरून डोकं न उचलता कन्नडात विचारलं, आणि माझी लेक सुधा हसली. तिच्या दंडावर यंत्राचा निळा पट्टा अजून गुंडाळलेलाच होता, त्यातली हवा सुटताना सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येत होता. "पूर्ण काय मॅडम, वर दहा दिवस. मला बाहेर यायचाच कंटाळा होता म्हणं." मग माझ्याकडं वळून मराठीत, "व्हय का न्हाई गं अव्वा?" मी मान हलवली. मान हलवायला मला काही कष्ट पडले नाहीत. सव्वीस वर्षं ही मान ह्याच प्रश्नाला अशीच हलत आलेली आहे, शिलाई मशीनच्या सुईसारखी, पाय दाबला की खाली. फक्त आज ती खाली गेली ती वर यायला वेळ लागला. मांडीवर माझी पर्स होती. पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात, अस्तराच्या कापडात मीच शिवून ठेवलेलं, चार घड्यांचं एक गुलाबी कार्ड होतं. मॅडमनी लिहिलं असेल 'पूर्ण दिवस'. त्यांच्या पेनाचा आवाज मी ऐकला. कागदावर एक खोटं उमटायला किती थोडा वेळ लागतो, दोन टाकेसुद्धा नाहीत.

मॅडम आमच्या कलबुर्गीच्याच, वयानं माझ्याएवढ्या, केसांना मेंदी. त्यांनी चष्मा काढला तेव्हा मला कळलं की आता सांगणार ते साधं नाही. म्हणाल्या, "दीडशे वर अठ्ठ्याण्णव. तीनदा बघितलं. चौथ्या महिन्यात बीपी उलट थोडं उतरतं. हे पोटातल्या बाळामुळं वाढलेलं नाही, आधीपासूनचं आहे. सव्वीसाव्या वर्षी, एवढ्या बारीक मुलीला, कशामुळं? ते मला शोधायचंय." आईला बीपी? नाही. वडिलांना? नाही. लहानपणी किडनीचं काही, लघवीचा आजार? नाही. प्रत्येक 'नाही' खरं होतं, म्हणून मी ते जरा मोठ्यानं म्हणत होते. रक्त द्या, लघवी द्या, एकच्या पुढं परत या, मला आता सिझेरियन आहे, असं म्हणून त्या उठल्या. हिरवा पडदा हलला आणि त्या गेल्या. मी तोंड उघडलं होतं. उघडलेल्या तोंडाचं काय करावं ते कळेना म्हणून जांभई दिली. सुधा म्हणाली, "अव्वा, झोप झाली न्हाई का? घरी जाऊन पड, मी देते सगळं." मी म्हणाले, "गप चल."

बाहेर बाकावर आम्ही बसलो. समोर पाण्याचं फिल्टर, त्याच्यावर साखळीनं बांधलेला स्टीलचा पेला. चोरी जाईल म्हणून पेला बांधतात आणि पोटुशा बाया मोकळ्या सोडतात, असं काहीतरी मनात आलं. भीती वाटली की मला असलं सुचतं, ही माझी जुनी खोड. सुधाच्या दंडावर पट्ट्याचा लाल वळ होता. दंड तो केवढा. मी शिलाईवाली आहे, बायांच्या अंगावर टेप फिरवत माझा जन्म गेला, दंडाचा घेर बघूनच सांगते. माझ्या लेकीचं माप मात्र मी टेपशिवायच घेत आले. तिची छाती डाव्या बाजूला जरा चपटी आहे, ब्लाऊज शिवताना तिथं मी आतून एक जादा पदर देते आणि तिला सांगते की फॅशन आहे. तिला वाटतं तिची आई चांगली शिवते. ती फोनवर नवऱ्याशी बोलत होती. सोमशेखर, मादन हिप्परगा गावचे, आळंदच्या बँकेत आहेत, मार्चअखेर म्हणून आज आले नाहीत. "काही न्हाई वो, बीपी जरा जास्त म्हणल्या. तुमच्यामुळं असंल." हसली. दोन जिने चढून आल्याचा दम अजून तिच्या आवाजात होता, आणि ती तो नेहमीसारखा हसण्यात लपवत होती. ती जिना चढताना नेहमी मध्ये थांबते, खिडकीतून काहीतरी बघायचं आहे असं दाखवते. लहान होती तेव्हा मीच तिला सांगितलेलं, "आळशी हायस तू, जन्मतःच आळशी." तिनं ते घेतलं. लेकरं आई देईल ते घेतात.

हे बीपी कुठून आलं असेल ते मला कसं कळलं, तर एका बाहीमुळं. मी सातवीपर्यंत शिकले, पुढचं शिक्षण माझं रद्दीवर झालं. ब्लाऊजचे नमुने मी जुन्या वर्तमानपत्रावर कापते, आणि कापता कापता वाचते. त्यामुळं माझं ज्ञान सगळं मुंढ्याच्या, बाही बसते त्या गोल कापाच्या, आकाराचं आहे, कुठल्याही गोष्टीचा मधला गोल तुकडा मला माहीत नसतो. दोन वर्षांमागं, सुधाच्या लग्नानंतर तीन-चार महिन्यांनी, बाहीचा एक नमुना कापून झाला आणि उरलेल्या कागदावर मी वाचलं: अपुऱ्या दिवसांची जन्मलेली मुलं मोठी होतात तेव्हा. मथळा तेवढाच. खाली लिहिलेलं, की ती आता लाखांनी जगतात आणि मोठी होतात, पण काहींची फुप्फुसं, काहींचं हृदय, मूत्रपिंडं लहान राहिलेली, रक्तदाब लवकर, आणि त्यांतल्या मुलींना पुढं स्वतःच्या गर्भारपणात... इथं कात्री फिरली होती. मी तो कापलेला तुकडा शोधला. तो एका मास्तरणीच्या ब्लाऊजबरोबर टाचणी लावून गेला होता. मी तिच्या घरी गेले, ती म्हणाली, कागद होय, पोळ्यांखाली घातला. म्हणजे पुढं काय होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही. दोन वर्षं मी त्या गोल भोकात बघत बसले. वाक्य तिथं संपतं आणि तिथून माझी लेक चालू होते.

सुधा पोटात होती तेव्हा आम्ही मंठाळला होतो, बसवकल्याणच्या अलीकडं. लग्नाला वर्ष झालं होतं, मी एकवीसची. गावात लग्नसराई, माझ्याकडं ब्लाऊजांचा ढीग, कारण गावात मी एकटीच अशी की जिला ब्लाऊजच्या पाठीला गोट बसवता यायचा. पायाची मशीन. सातवा चालू होता, मी पाय मारतच होते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सिद्धव्वा, दारातून म्हणायच्या, "रुद्रम्मा, बास कर की गं, नवरी काय उघडी बसणार हाय का?" मी म्हणायचे, हा एवढा झाला की. शेवटचा एक ब्लाऊज राहिला होता, मोरपंखी. त्याच्या डाव्या बाहीला पाय मारताना पोटात खालून काहीतरी ओढल्यासारखं झालं, बॉबिनचा दोरा ओढावा तसं. मी पाय थांबवला नाही. बाही पुरी केली. हे मी कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, आत्याबाईंना नाही. जीपमध्ये घालून गुलबर्ग्याला नेलं मला, तेव्हा ह्या गावाला गुलबर्गाच म्हणायचे, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी मनात म्हणायचे, बाही नसती पुरी केली तर. एकवीस फेब्रुवारीला सकाळी ती झाली. एकोणतीस आठवडे, अकराशे ग्रॅम. रडली नाही. मी तिला बघितलं तेव्हा तिच्या पाठीवर केस होते आणि कातडी अशी की आतलं सगळं दिसायचं, जाळीदार कापडाखालचं अस्तर दिसतं तसं. मला वाटलं, ही अजून शिवून झालेली नाही. नंतर मी मशीनला मोटार बसवून घेतली. लोक म्हणाले, रुद्रम्माचं बरं चाललंय.

काचेच्या पेटीत ठेवलं तिला. तिथं दीपमाला सिस्टर होती, औराद तालुक्यातल्या चिंताकीची, बोलता बोलता मध्येच तेलुगू यायचं तिच्या. लहानखुरी, आवाज मात्र बाजारातला. पहिल्या दिवशी मी काचेला हात लावून उभी राहिले तर म्हणाली, "हात लावून का बघायलीस, मिठाईचं दुकान हाय का? हात धू, कोपरापर्यंत, मग ये." पाचव्या-सहाव्या दिवशी तिनं मला ते दाखवलं. लेकराची छाती हलत होती, हलत होती, आणि थांबली. मी बघत राहिले. मला वाटलं झोपली असेल. सिस्टरनं पेटीच्या खिडकीतून हात घातला आणि बाळाच्या तळव्याला बोटानं टिचकी मारली, करंगळीएवढा तो तळवा. छाती एकदम उचलली आणि परत हलायला लागली. "लई विसराळू हाय बघ तुझी पोरगी," सिस्टर म्हणाली. "श्वास घ्यायचंच विसरती. अजून तिची शिकायची वेळ आली न्हाई ना, म्हणून. आठवण करून द्यायची. टिचकी मारायची, जोरात न्हाई, पण लाडानं बी न्हाई." आणि माझं बोट धरून शिकवलं. तेव्हापासून मी श्वास मोजायला लागले. एक आणि दुसऱ्याच्या मध्ये जो थांबा असतो, तो मला दिसायला लागला. तो थांबा एकदा दिसला की माणसाला दुसरं काही दिसत नाही. माझा नवरा घोरतो, बसवप्रभु, डाळमिलमध्ये दिवसभर धुळीत असतात, त्यांच्या घोरण्यातला थांबासुद्धा मी मोजते. ते जागे झाले की म्हणतात, का गं, काय बघायलीस? मी म्हणते, बघायले का तुमचं तोंड किती चांगलं हाय.

आत्याबाईंना आत सोडत नव्हते. त्या बाहेरच्या काचेजवळ फतकल मारून बसायच्या. आमच्या लिंगायतांत पोटातल्या बाळासाठी आठव्या महिन्यात लिंग बांधतात, जंगम स्वामी येतात, आईच्या पोटाजवळ ते बांधायचं आणि मूल झालं की मुलाच्या गळ्यात. आठवा लागायच्या आधीच ही बाहेर आली. आत्याबाई रडल्या नाहीत, बोटांवर मोजत बसल्या. आणि ज्या दिवशी त्यांच्या हिशेबानं आठवा लागला त्या दिवशी सकाळी चांदीच्या डबीत लिंग घेऊन हजर. सिस्टरला म्हणाल्या, "हे लेकराला बांध माय." सिस्टर म्हणाली, "अज्जी, आत काही जात न्हाई. देवाला बी जंतू असतात." आत्याबाईंनी तिच्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता शिव्या. पण म्हणाल्या, "लेकराला न्हाई गं. पोटाला बांध. हे बी पोटच हाय की, काचेचं. ती अजून कुठं जन्मलीय?" दीपमाला सिस्टर बौद्ध घरची, तिच्यात लिंगही नाही आणि स्वामीही नाही. तिनं थोडा वेळ विचार केला, डबी स्पिरिटनं पुसली, दोऱ्यासकट, आणि पेटीच्या बाजूच्या सलाइनच्या खांबाला अडकवली. "घ्या अज्जी. बांधलं तुमच्या पोटाला." ती डबी तिथं शेवटपर्यंत लटकत होती. दुसरे डॉक्टर विचारायचे हे काय, ती म्हणायची, राहू द्या सर, पेशंटचं सामान हाय.

सत्याऐंशी दिवस. एकोणीस मेला तिला बाहेर काढलं, उन्हाचा कडाका होता, आत्याबाईंनी दारात तिच्या तोंडात मधाचं बोट घालायला घेतलं आणि सिस्टरनं हात धरला त्यांचा. मग आत्याबाई म्हणाल्या, आज जन्मली माझी नात. नऊ महिने आणि वर दहा दिवस. मोजून बघा. आम्ही मोजलं, बरोबर होतं. डॉक्टरांनी मला दिलेली बाळंतपणाची तारीख नऊ मे होती. "आजपासून ती दुसरी तारीख कुणी काढायची न्हाई," त्या म्हणाल्या. "एकदा लोकांनी सातमाशी म्हणलं की ती जन्मभर सातमाशीच राहती. शाळेत, सोयरिकीत, चुलीपुढं. मी बघितलंय." शाळेत तीच तारीख लागली, आधार कार्डावर तीच. मला ते किती बरं वाटलं हे मी कसं सांगू. ती दुसरी तारीख गेली, तिच्याबरोबर मोरपंखी बाही पण गेली. आत्याबाई ते माझ्यासाठीच करत होत्या का, हा विचार मला त्या गेल्यावर आला, पाच वर्षांमागं, आणि तोपर्यंत विचारायला कुणी नव्हतं. फक्त दीपमाला सिस्टर ते गुलाबी कार्ड माझ्या हातात कोंबून म्हणाली होती, "रुद्रम्मा, एक ध्यानात ठेव. ही म्हातारी झाली तरी, कुठल्याबी डॉक्टरकडं गेली की पहिलं हे सांगायचं. अपुऱ्या दिवसांची, अकराशे ग्रॅम. नावाच्या बी आधी." मी व्हय म्हणाले होते. तेव्हासुद्धा मान अशीच हलली होती.

पहिलं खोटं आत्याबाईंचं, पण त्याला जोडून पुढची सगळी मी शिवली. सहाव्या वर्षी जाड चष्मा लागला, तर सांगितलं, लई वाचती म्हणून. हाताच्या पाठीवर सुयांचे बारीक पांढरे ठिपके, तर सांगितलं, तेलाचे थेंब उडाले, तू पुऱ्या बघायला आली होतीस. थंडीत छाती वाजायची, तर म्हणाले, डाळमिलची धूळ अप्पांच्या कपड्यांतून येते. बिचारे अप्पा पंधरा वर्षं अंगणात कपडे बदलत राहिले. आणि लहानपणी मी रोज तिला तळव्याला टिचकी मारून उठवायचे. खरं म्हणजे मी उठवायला जात नव्हते. ती झोपलेली असायची, मी बघत उभी असायचे, तो थांबा यायचा, आणि बोट आपोआप जायचं. ती ओरडायची, अव्वा, माणसासारखं उठव की. घरात ती थट्टाच झाली होती. लग्नात तिनं सोमशेखरना सांगितलं, माझ्या आईचा गजर कसा असतो माहितीय का?

"अव्वा, ऐकायलीस का?" सुधानं फोन ठेवला होता. "आमच्या अत्ती म्हणायल्या, आठव्या महिन्यात लिंगाला स्वामी हिप्परग्यालाच बोलवू. तुला चालतंय ना? मला पण आठव्यातच बांधलं होतं ना?" सासूला ती अत्ती म्हणते. बोलता बोलता ती गळ्यातली डबी चाळवत होती. तीच चांदीची डबी. त्या डबीच्या कडेला स्पिरिटनं जरा रंग गेलेला आहे, कुणाला दिसणार नाही, मला दिसतो. मी म्हणाले, "व्हय." आणि त्याच क्षणी मला असं वाटलं की माझ्या तोंडातून निघालेला तो शब्द बाकावरून खाली पडला आणि लोकांच्या पायांत गेला. हिचा आठवा येईल का? त्या कागदातलं भोक डोळ्यांपुढं आलं, मुलींना पुढं स्वतःच्या गर्भारपणात. बाजूला एक बाई पोट धरून चालत होती, नवरा मागनं पिशवी घेऊन. भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. मी सांगितलं तर हिप्परग्याला कळणार. विहीणबाई वाईट नाहीत, पण एक वाक्य बोलतील, आम्हाला सांगितलं न्हाई, आणि ते वाक्य सुधाच्या अंगावर जन्मभर राहील, टाचणी काढायची विसरल्यासारखं. आणि मॅडम विचारतील, कशामुळं झालं अपुऱ्या दिवसांत? तेव्हा सुधा शेजारीच बसलेली असेल. बाहीचं सांगावं लागेल. त्याचं उत्तर मी सव्वीस वर्षं तयार करत आले होते, तऱ्हेतऱ्हेनं, कधी रस्त्याचा दोष, कधी उन्हाचा, शेवटी प्रत्येक वेळी माझा पाय मशीनवर यायचा. नाही सांगितलं तर? नाही सांगितलं तर मॅडम शोधतील, भलतीकडं शोधतील, पूर्ण दिवसांच्या मुलीत शोधतील, आणि इकडं ही, इकडं ते पोटातलं. मी पर्सची चेन उघडली. बंद केली. सुधा म्हणाली, "पैसे हायत माझ्याकडं, राहू दे." नर्सनं नाव घेतलं, सुधारानी सोमशेखर.

आत मॅडम हात पुसत होत्या. कागद बघितले, म्हणाल्या लघवीत प्रोटीन थोडं दिसतंय, आणि पुढं काहीतरी बोलायला लागल्या. मी मध्येच म्हणाले, "अकराशे ग्रॅम." दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. बाजारात भाव सांगितल्यासारखं झालं ते. मी परत म्हणाले, "अपुऱ्या दिवसांची हाय मॅडम. एकोणतीस आठवडे. सत्याऐंशी दिवस पेटीत होती." नावाच्या आधी सांगायचं होतं, ते सव्वीस वर्षांनी, लघवीच्या रिपोर्टानंतर सांगितलं. अस्तराची शिवण उसवायला मी पर्समधली छोटी कात्री काढली, टोक टाक्याखाली शिरेना, शेवटी मॅडमनीच ती घेतली आणि दोन टाके कापले. माझे टाके पक्के असतात. कार्ड घड्यांवर विरलं होतं, पण शाई होती. मॅडमनी ते सगळं वाचलं, दोन्ही बाजूंनी, आणि त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. मगाचचं काहीतरी खोडलं, नवीन लिहिलं. म्हणाल्या, "आता मला कुठं बघायचं ते कळलं. किडनीची सोनोग्राफी, हृदयाचा एको. एक बारीक गोळी चालू करू, आठवड्याला बीपी. आपल्याकडं अशी लेकरं जगायला लागली त्यांतल्या पहिल्या-पहिल्या मुली आत्ता आई होतायत, त्यांचं आम्हीपण अजून शिकतोय. बहुतेकींचं नीट होतं. भिऊ नका असं मी म्हणणार नाही. पण भिऊन येत जा, घरी बसू नका." मी म्हणाले, तारीख पण चुकीची हाय, सासूबाईंनी बाहेर काढलं तो दिवस धरला. तेव्हा त्या जरा हसल्या. "पहिली दोन वर्षं आम्हीपण तशीच धरतो. वाढ बघायला. तुमच्या सासूबाईंनी फक्त थांबायचं कुठं ते ठरवलं नाही." मी वाट बघत होते. त्यांनी कशामुळं झालं ते विचारलंच नाही. सुधाला म्हणाल्या, पडद्यामागं दहा मिनिटं डाव्या कुशीवर पडून राहा, मग परत बीपी बघू, आणि दुसरी बाई आत बोलावली. सव्वीस वर्षांचं तयार उत्तर माझ्या तोंडात तसंच राहिलं.

पडद्यामागं उंच पलंग, पायाशी लोखंडी स्टूल. सुधा पडली. मी पायाशी उभी राहिले. तिनं चष्मा काढून पोटावर ठेवला होता, त्यामुळं ती माझ्याकडं बघत होती की भिंतीकडं ते कळत नव्हतं. मग हाताची पाठ वर करून म्हणाली, "हे तेलाचे न्हाईत?"

"न्हाई. सुया. शीर सापडायची न्हाई."

"चष्मा?"

"पेटीतला ऑक्सिजन. असं डॉक्टर म्हणाल्या होत्या."

"अप्पांना पंधरा वर्षं अंगणात कपडे बदलायला लावलेस तू."

"व्हय."

"थंडीत बी."

"थंडीत बी."

तिच्या ओठाचा कोपरा हलला. हसणं होतं की दुसरं काही, मला कळलं नाही, मी तिकडं बघायचं टाळलं. पलीकडं मॅडम दुसऱ्या बाईला विचारत होत्या, बाळ फिरतंय का. सुधानं डबी मुठीत धरली. "आणि हे? पोटात असताना बांधलेलं?" मी म्हणाले, "पोटालाच बांधलेलं. पेटीच्या. एका सिस्टरनं, तिच्यात लिंग नसतं." तिनं ते ऐकून घेतलं. मग मला वाटलं आता ती खरं विचारील. मी स्वतःच म्हणाले, कारण आता थांबता येत नव्हतं, "मी पायानं मशीन चालवत होते सुधा. दुखायला लागलं तरी बाही पुरी केली." ती म्हणाली, "कुणाची?" मी म्हणाले, "कुणाची तरी. मोरपंखी होती." "बरी बसली का त्या बाईला?" एवढ्या वर्षांत हे मला कधी सुचलंच नव्हतं, ती बाही त्या बाईला कशी बसली ते.

"त्यांना मी सांगते," ती म्हणाली, सोमशेखरना म्हणजे. "हिप्परग्याला पण मीच सांगते. तू सांगू नकोस, तू परत काहीतरी शिवशील." मग आवाज बारीक झाला, लहानपणी ताप आला की व्हायचा तसा. "अव्वा, माझंबी तसंच आलं तर?" माझ्याजवळ ह्याला गोष्ट नव्हती. मी सगळ्या शोधल्या, एकही नव्हती. मी म्हणाले, "मला माहीत न्हाई गं." हे मी तिला पहिल्यांदाच म्हणाले असेन. तिनं पाय चादरीबाहेर काढले. "आणि ते, टिचकी मारून उठवायचीस ते?"

"तू श्वास घ्यायचं विसरायचीस."

मॅडम पडदा सारून आल्या, दंडाला पट्टा गुंडाळला, बटण दाबलं. यंत्र घरघरायला लागलं, पट्टा फुगला, आकडे वर चढायला लागले. मी आकड्यांकडं बघत नव्हते. मी तिची छाती बघत होते, डावी बाजू जरा चपटी. ती हलत होती. हलत होती. मग थांबली. सुधानं डोळे घट्ट मिटले होते, मूठ डबीवर, ओठ आत ओढलेले. मॅडम म्हणाल्या, "श्वास धरू नका, आकडा वाढेल." ती तशीच. तो थांबा मी ओळखला, एकशे दहा लोकांत उभा केला तरी ओळखीन. तिची पावलं चादरीच्या बाहेर आली होती, टाचा भेगाळलेल्या, बोटात जोडवी. माझं बोट मी सांगायच्या आत गेलं. टिचकी मारली, जोरात नाही, लाडानंही नाही.

छाती उचलली.